रुमाल नेसून आलेला साक्षीदार

वकिलीची सनद घेऊन मी पालघरला परत आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्याकडे काळा कोट एकच होता, तोही एका निवृत्त वकिलांनी दिलेला. त्याच्या बाह्या मला लांब व्हायच्या. मे महिन्यात दुपारी वीज गेली की कोर्टातला पंखा थांबायचा आणि आम्ही सगळे कोटाच्या आत भिजत उभे राहायचो. नव्याने बदलून आलेल्या न्यायाधीशांनी पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ वकिलांना भर कोर्टात शर्टाचं वरचं बटण लावायला लावलं. बाररूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

पण माणूस सरळ होता. अकराच्या ठोक्याला बसायचे, साक्ष स्वतःच्या हाताने लिहायचे आणि साक्षीदाराचा शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत. वीज गेली तरी स्वतःचा कोट कधी काढायचे नाहीत. घाटावरून आलेले. समुद्र आपण इथे बदली झाल्यावरच पहिल्यांदा पाहिला, असं त्यांनी एकदा सहज सांगितलं होतं.

त्यांच्यासमोर माझा पहिला स्वतंत्र दावा उभा राहिला तो मुरबे गावातल्या एका विधवेचा. तिच्या सासऱ्याने मासळी सुकवायची जागा हयातीतच दोन मुलांना वाटून दिली होती. कागद काही केला नव्हता. जागेच्या मधोमध एक खांब रोवला, या बाजूला थोरल्याने बोंबील टांगायचे, त्या बाजूला धाकट्याने, एवढंच ठरलं. पुढे सासरा गेला, मग थोरला मुलगा, म्हणजे माझ्या अशिलाचा नवरा, गेला. वर्षभरात दिराने खांब उपटला आणि सगळ्या जागेवर स्वतःच्या काठ्या उभ्या केल्या. बाईला दोन मुली होत्या. सुकी मासळी विकण्याखेरीज दुसरा आधार नव्हता.

वाटणी झाली तेव्हा हजर असलेल्यांपैकी दीर सोडून एकच माणूस जिवंत होता. गावातला जुना तांडेल, होडीवरचा मुख्य. वय सत्तरीच्या पुढे. खांब त्यानेच रोवला होता. तो दोन्ही घरांचा नातेवाईक नव्हता आणि त्याला दोन्ही घरांकडून काही घ्यायचं नव्हतं. माझा सगळा दावा त्याच्या एका साक्षीवर होता.

तारखेच्या दिवशी तो सकाळीच आला. मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पांढरा, नीळ दिलेला सदरा, त्यावर बंडी, हातात लाल टोपी, आणि कमरेला रुमाल. किनाऱ्यावरचे कोळी कमरेला जो त्रिकोणी कपडा बांधतात, त्याला रुमाल म्हणतात. पुढे झाकतो, मांड्या उघड्या राहतात, मागेही फारसं झाकत नाही. होडीवर पाण्यात उतरणाऱ्याला तेच सोयीचं. सातपाटी, मुरबे, दांडी, कुठेही गेलं तरी बाजारात, देवळात म्हातारे असेच दिसायचे. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी त्याच्याकडून खांब कुठे रोवला, दिवस कुठला, एवढं विचारून घेतलं.

पट्टेवाल्याने नाव पुकारलं. म्हातारा दारातून आत आला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे चालू लागला. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

"हे कोण?"

"वादीचे साक्षीदार, साहेब," मी म्हणालो.

"यांना कपडे घालून यायला सांगा."

म्हातारा मध्येच थांबला. "घातलेत की," तो म्हणाला.

मागच्या बाकांवर हसू फुटलं. दिराचा वकील मान खाली घालून हसला. मी घाईघाईने म्हणालो, "माफ करा, साहेब. गावाकडचे आहेत, त्यांना कळत नाही. पुढच्या तारखेला नीट कपड्यात आणतो."

न्यायाधीशांनी तारीख दिली. म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि तो बाहेर गेला. मी पुढचं काम आटोपून व्हरांड्यात आलो तेव्हा माझी अशील एकटीच उभी होती. म्हणाली, "गेलं ते. एसटीला पण थांबलं नाय."

पुढच्या तारखेला तो आलाच नाही. न्यायाधीशांनी मला शेवटची संधी म्हणून पंधरा दिवस दिले. त्या दिवशीही साक्षीदार हजर नसेल तर वादीचा पुरावा बंद, असं त्यांनी रोजनाम्यात लिहिलं.

मी एक नवा पायजमा विकत घेतला आणि रविवारी मुरब्याला निघालो. सातपाटीपर्यंत एसटी, पुढे होडीने खाडी. अशील खाडीच्या काठावर न्यायला आली होती. म्हातारा घरी नव्हता, देवळापुढे गावातल्या जुन्या माणसांची बैठक चालली होती, तिथे होता. आम्ही गेलो. दहा-बारा म्हातारे चटईवर बसले होते, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. मी चपला काढून चटईच्या कडेला बसायला गेलो, तसा एकाने हात वर केला.

"बोडक्या डोक्याने इथं नाय बसत."

मी तसाच वाकलेला राहिलो. घरी जावं की उभं राहून बोलावं, कळेना. तेवढ्यात दुसऱ्या एकाने मागे ठेवलेली एक जुनी टोपी माझ्या हातात दिली. माझ्या डोक्याला ती मोठी होती. मी ती घातली आणि बसलो. कोणी हसलं नाही. चहा आला.

मी पायजम्याची पुडी पुढे ठेवून म्हाताऱ्याला म्हणालो, "तुम्ही आला नाहीत तर बाईचा दावा बुडेल. तासाभराचं काम आहे. हे घाला आणि चला."

त्याने पुडीला हात लावला नाही. "मी कोर्टाला भ्यालो असं वाटलं का तुमाला?"

"न्यायाधीश बोलले म्हणून तुम्हाला राग आला असेल. पण तो माणूस वाईट नाही."

"त्याचा राग नाय मला. तो परमुलखातला. त्याला काय ठावं, आमी काय नेसतो? तुमी तर इथले ना? पालघरचेच?"

"हो."

"मग तुमी माफी कशाला मागितली? मी काय चोरी केलेली? तो सदरा मी लेकाच्या लग्नात घातलेला. रुमाल नवा होता. मी तुमच्या कोर्टाला जायचं म्हणून नटून आलो, आणि तुमी भरल्या कोर्टात सांगितलं, याला कळत नाय."

बाकीचे म्हातारे खाडीकडे बघत बसले. माझी अशील पदर तोंडाशी धरून लांब उभी होती. त्या दिवसापर्यंत मी समजत होतो की माफी मागून मी त्याला वाचवलं. खरं तर मी स्वतःला वाचवलं होतं. हसणाऱ्यांनी मला त्याच्याबरोबर धरू नये, म्हणून मी तसं बोललो होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मी येतो. बाईचं खरं हाय म्हणून येतो. पण हे नेसणार नाय. तुमी काय ते बघा."

पायजमा मी परत आणला.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात लेखी अर्ज दिला की, साक्षीदाराला त्याच्या नेहमीच्या पोशाखात साक्ष देण्याची परवानगी असावी. दिराच्या वकिलाने उभं राहून हरकत घेतली. "आज रुमाल चालवून घेतला तर उद्या डोंगरातली माणसं लंगोटीवर येतील, साहेब. कोर्टाची काही शान आहे की नाही?"

मी म्हणालो, "पोशाखाचा नियम वकिलांना आहे. आम्ही इथे पोट भरायला येतो, म्हणून तो आम्ही पाळतो. साक्षीदाराला कोर्टाने समन्स काढून बोलावलंय. तो काम सोडून, भाडं काढून येतो. त्याच्यासाठी कपड्याचा नियम कुठेच लिहिलेला नाही."

न्यायाधीशांनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझे वडील एकदा कचेरीत गेले होते. पंचा नेसलेले, वर फक्त घोंगडी. साहेबाने त्यांचं म्हणणं पायरीवरूनच ऐकलं. ऐकलं म्हणजे, ऐकल्यासारखं केलं. मी लहान होतो, बरोबर होतो. माझ्या कोर्टात अर्ध्या उघड्या अंगाने आलेल्या माणसाला लोक हसतात, वकीलसाहेब. त्या दिवशी हसलेच. ज्याला लोक हसले, त्याची साक्ष कोण खरी मानतो? म्हणून मी कपडे घालून या म्हणतो. मला त्यांच्या पायांशी काही देणंघेणं नाही."

ते एवढं बोलतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. मला म्हणायचं होतं की, साहेब, मग हसणाऱ्यांना थांबवा. पण मी ते म्हटलं नाही. तेवढं धाडस तेव्हा नव्हतं.

"हा अर्ज मागे घ्या," ते म्हणाले. "ठेवलात तर मला त्यावर हुकूम लिहावा लागेल आणि मी तो नामंजूर करीन. मी अकराला बसतो. त्याच्या आधी कोर्टात कोण कुठे उभं असतं, ते मी बघत नाही."

मी अर्ज मागे घेतला, पण ते काय सुचवत होते ते आधी मला कळलं नाही. बाहेर आल्यावर पट्टेवाल्यानेच समजावलं. आमच्या कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा जुन्या पद्धतीचा होता, खालून जाड लाकडी फळ्या, थेट छातीपर्यंत. आत उभ्या असलेल्या माणसाचं तोंड आणि खांदे दिसायचे, बाकी काही नाही.

तारखेला म्हातारा त्याच सदऱ्यात, बंडीत आणि रुमालात आला. मी त्याला पावणेअकरालाच पिंजऱ्यात उभं केलं. त्याने विचारलं, "लपवताय का मला?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "थोडंसं."

तो जरा विचार करून म्हणाला, "बाईसाठी चालेल."

अकराला न्यायाधीश आले. सगळे उभे राहिले. त्यांनी पिंजऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पहिली आमचीच साक्ष घेतली. म्हातारा नीट बोलला. खांब कुठून आणला, किती हात खोल गाडला, थोरल्याने कुठली बाजू घेतली, धाकट्याने त्याच दिवशी आपल्या बाजूला काठ्या कशा बांधल्या. न्यायाधीश लिहीत होते. एकदोनदा त्यांनी "सावकाश" म्हटलं.

उलटतपासाला दिराचा वकील उठला. दोन-चार प्रश्न जागेबद्दल विचारले, त्यात काही हाती लागलं नाही. मग आवाज चढवून त्याने विचारलं, "तुम्हाला या कोर्टाने कपडे घालून यायला सांगितलं होतं. आज तुम्ही कमरेला काय नेसलंय, ते कोर्टाला सांगा."

म्हाताऱ्याने न्यायाधीशांकडे बघितलं. मी उठायच्या आत न्यायाधीशच म्हणाले, "प्रश्नाचा दाव्याशी संबंध नाही. घेत नाही. पुढे विचारा."

"पण साहेब, साक्षीदाराची वृत्ती..."

"पुढे विचारा."

पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. साक्ष वाचून दाखवली, म्हाताऱ्याने अंगठा उठवला. आता त्याला पिंजऱ्यातून उतरून दारापर्यंत चालत जायचं होतं. मी घाबरलो होतो. मागच्या बाकांवर लोक वाट बघत होते, हे दिसत होतं. न्यायाधीशांनी मान वर न करता "साक्षीदाराने जावं" म्हटलं आणि पुढच्या दाव्याचे कागद उघडून वाचायला लागले. म्हातारा उतरला. टोपी डोक्यावर ठेवली आणि नेहमीच्या चालीने, घाई न करता, दारातून बाहेर गेला. या वेळी कोणी हसलं नाही. त्याचं कारण आदर होता की न्यायाधीशांची भीती, ते मला आजही सांगता येणार नाही.

दावा आमच्या बाजूने लागला. दीर अपिलात ठाण्याला गेला. तिथे मी जायचो तेव्हा कोट नीट इस्त्री करून न्यायचो, आणि त्याबद्दल मला कधी तक्रार नव्हती. आजही माझं मत तेच आहे, जे मी अर्जाच्या दिवशी घाबरत बोललो होतो. आमच्या अंगावर कोट असावा, त्याने समोरच्याला कळतं की हा माणूस कोणाच्या तरी वतीने बोलतोय. ज्याला स्वतःचं बोलायचंय, त्याने जे रोज घालतो ते घालून यावं. न्यायाधीशांचं म्हणणं मला पटलं नाही, पण ते खोटं आहे असंही मी म्हणू शकलो नाही. पुढे बोईसरच्या कारखान्यांतले कामगार माझ्याकडे यायला लागले तेव्हा ते पहिल्या भेटीत विचारायचे, "वकीलसाहब, कोर्ट में क्या पहनके आऊँ?" मी सांगायचो, जे घालून कामावर जाता तेच. काही जण ऐकायचे, बरेचसे उसना शर्ट घालूनच यायचे.

न्यायाधीशांची दोन वर्षांनी विदर्भात बदली झाली. निरोपाच्या चहाला मी होतो, पण आमच्यात त्या साक्षीचा विषय निघाला नाही. म्हातारा अपिलाचा निकाल लागायच्या आधीच वारला.

अपील फेटाळलं गेलं. निकालपत्रात म्हाताऱ्याच्या साक्षीला दीड पान दिलं होतं. त्याचं वय, धंदा, राहायचं गाव आणि तो जे बोलला ते. मी ती नक्कल घेऊन मुरब्याला गेलो. बाई खळ्यावर, मासळी सुकवायच्या त्याच जागेत, काठ्यांवर बोंबील टांगत होती, दोन्ही मुली टोपल्या देत होत्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी उभ्याउभ्याच तिला ते दीड पान वाचून दाखवलं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "असंच बोलायचा तो. उगाच एक शब्द जास्त नाय." मग मोठीला म्हणाली, "जा, वकिलांना पाणी आण."