उजवीकडून उघडणारं पुस्तक

"मालक, पानं उलट्या बाजूनं लागल्यात की." शामरावनं पहिल्या फॉर्मची घडी घालून माझ्यापुढं धरली.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझा ऑफसेट प्रेस होता आणि शामराव माझा मशिनमन. फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं. घडी घातली की ती क्रमानं यावीत, अशी आधीच मांडतात. मराठी पुस्तकाची बांधणी डावीकडं असते. हे पुस्तक सिंधी होतं, अरबी वळणाच्या लिपीतलं, म्हणजे बांधणी उजवीकडं हवी. मी सवयीनं मराठीसारखी मांडणी केली होती.

इथवर ती चूक होती. पण मशीन थांबवायचं सोडून मी म्हणालो, "चालू दे. लेखकानं काय सांगितलंय का?"

"सांगाय कशाला पायजे? त्यांच्या पिशवीतलं सिंधी पुस्तक कुठनं उघडतंय, तुमीबी बघितलंय न्हवं?"

"मालक कोण हाय हितं?"

शामराव मशीनकडं वळला.

कारण सांगतो. मला त्या लेखकाचा हेवा वाटत होता. हासानंद साईंचं, सिंधीत साईं म्हणजे साहेब, शहराजवळच्या गांधीनगर या सिंधी वसाहतीत कापडाचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात सिंधी टाइप कुठून मिळणार? ते प्रत्येक पान ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं हातानं लिहून आणत, त्यावरून आम्ही छपाईची प्लेट करायचो. दर रविवारी दुकानाच्या माळ्यावर पोरांना ते लिपी शिकवत. हे पुस्तक फाळणीत सुटलेल्या त्यांच्या गावाबद्दल होतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहिलेलं. साईं प्रेसमध्ये आले की कुणीतरी मागोमाग विचारत यायचं, "पुस्तक कधी?"

मीही कविता लिहितो. माझा संग्रह माझ्याच प्रेसमध्ये छापला. कधी, असं बायकोनंही विचारलं नव्हतं. माझी भाषा अख्ख्या राज्याची, त्यांच्या भाषेला देशात राज्यच नाही, आणि वाचक मात्र त्यांना! पोटात दुखायचं माझ्या.

प्रकाशन चेटीचंडला होतं, म्हणजे सिंधी नववर्षाला. साईं आमंत्रणं द्यायला उल्हासनगरला गेले होते. चार दिवस उरले असताना ते परतले, तोवर सगळे फॉर्म छापून झाले होते. त्यांनी एक घडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. चेहरा पार उतरला.

"शेटे साहेब, पहिलं पान शेवटी गेलंय."

"नवा कागद मागवून छापायला आता वेळ नाही," मी म्हणालो.

"चूक माझीच. मी सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला कसं कळणार?"

शामराव हातातलं फडकं टाकून बाहेर निघून गेला.

आता मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोडगा मीच सुचवला. घड्या कापून पानं सुटी करायची, हातानं क्रम लावायचा आणि उजवीकडून टाचायचं. पण शिलाईसाठी सोडलेली रुंद कडा बाहेर जाणार होती आणि अक्षरं टाक्यांना भिडणार होती.

"पुस्तक सपाट उघडणार नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागेल."

"धरतील," साईं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गांधीनगरहून टेम्पो भरून माणसं आली. बायका, म्हातारे, दुकानदार सगळे प्रेसच्या फरशीवर बसून पानं लावू लागले. काम थोडं, वाचणंच जास्त. मधेच एक म्हातारी हातातलं पान नाचवत साईंवर ओरडायला लागली. काय झालं म्हणून विचारलं तर साईं हसले.

"म्हणते, विहीर शाळेच्या मागं होती, मी पुढं लिहिली."

तेवढ्यात दुसरा म्हातारा तिच्याशी भांडायला उठला. ज्या विहिरीचं पाणी आता कुणालाच मिळणार नव्हतं, तिच्यावरून अर्धा तास जुंपली. माझ्या कवितेवरून आजवर कुणी कुणाशी भांडलेलं नाही. मी आतल्या आत जळत उभा राहिलो. पुस्तक बिघडवूनही मला त्यांचं काही बिघडवता आलं नव्हतं.

चेटीचंडला साईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुस्तक घट्ट उघडतं, तो दोष माझा. शेटे साहेबांनी ते वाचवलं." मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या पडल्या. शामराव मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

साईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.

त्या पुस्तकानंतर प्रेसच्या जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, मी एक रकाना वाढवला: बांधणी डावी की उजवी? गिऱ्हाइकं म्हणायची, काय शिस्त आहे! काम घेताना बाजू विचारून घ्यावी, हा धडा सगळ्या छापखानेवाल्यांनी घ्यावा. तो रकाना मात्र रिटायर होईपर्यंत शामराव स्वतः भरायचा. मला हात लावू द्यायचा नाही.