अनोळखी दात्यासाठी आमीन

लोसालिनेने अळूची पानं तळहातावर पसरली, मधोमध खारवलेलं मांस ठेवलं, वर नारळाचं दूध घातलं आणि पुडी बांधली. तीन झाल्या. चौथीचं पान हातात असतानाच बाहेर भाच्याच्या, मानासेच्या, गाडीचा हॉर्न वाजला. खाणारी ती एकटीच. नवरा गेला, मुलं ब्रिस्बेनला गेली, पण हाताची सहा पुड्यांची सवय काही गेली नव्हती. पानांवर ओलं फडकं टाकून ती निघाली.

रॉबिनवेलहून मिल्ड्युराच्या हॉस्पिटलचा रस्ता तासाभराचा. वाटेत थांबावं लागू नये म्हणून सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. महिनाभर पोट दुखत होतं. शिरेत रंगाचं औषध सोडून आतले फोटो काढायचे होते.

मानासे तिच्या धाकट्या भावाचा, सेमिसीचा, थोरला. तिचं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून तिथला फॉर्म त्यानेच वाचला.

"आत्या, किडनीचा काही आजार?"

"नाही."

हे खोटं नव्हतं. आजार सेमिसीला होता.

टोंगा बेटांवरून ऑस्ट्रेलियात आलेल्या तिच्या माणसांत बहीणभाऊ एकमेकांसमोर शरीराचा विषय काढत नाहीत. त्यात बहिणीचा मान मोठा. भावाने तिला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही. म्हणून अकरा वर्षांपूर्वी मेलबर्नला जे झालं, ते भावजयीच्या मध्यस्थीने, गुपचूप झालं. घरी सेमिसीने सांगितलं, कुणा मेलेल्या माणसाची किडनी मिळाली. मग दर रविवारी चर्चमध्ये उभा राहून तो म्हणायचा, "देवा, त्या अनोळखी दात्याचं भलं कर." मागच्या बाकावरून लोसालिने आमीन म्हणायची. चार वर्षांपूर्वी तो गेला, पाठोपाठ भावजय. आता जाणणारा वर देव आणि खाली ती.

हाताला सुई टोचून तिला यंत्रात सरकवलं. आधी साधे फोटो झाले. मग काचेपलीकडची मुलगी बाहेर आली आणि तिने मानासेला आत बोलावलं. ती काहीतरी म्हणाली, तसा त्याचा चेहरा पडला.

"आत्या... ही विचारतेय, तुमची डावी किडनी कुठे आहे?"

"मेलं, यंत्र भलतंच चोंबडं आहे की." ती छताकडे बघत राहिली. "सांग तिला, दिली म्हणून."

"दिली? कुणाला?"

मुलगी ताटकळली होती. एकच किडनी, त्यात अंग कोरडं. रंगाच्या औषधाने तीही दुखावली, तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला, रक्त धुवायला, हाच तासाभराचा रस्ता, आणि नेणारं कोण? गप्प राहून चालणार नव्हतं.

"तुझ्या बापाला."

त्याने ते इंग्रजीत सांगितलं. 

डॉक्टर आले. सलाइन लावलं, ताजं रक्त तपासलं आणि दुपारी कमी मात्रेत औषध सोडलं. अंगभर ऊन पसरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी बजावलं, "भरपूर पाणी प्यायचं, गुडघेदुखीच्या गोळ्या घेत असाल तर बंद, किडनीला बाधतात. पोटाच्या फोटोंचं नंतर कळवतो. किडनीला इजा झाली का ते शुक्रवारच्या रक्तात कळेल."

परतीला द्राक्षांचे मळे सरत राहिले. मानासे रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला,

"आम्ही प्रार्थना करायचो, तेव्हा तुम्ही आमीन म्हणायचात."

"माझ्यासाठीच चालली होती ना रे? नको कशाला म्हणू?"

तो हसला नाही. दारात तिने म्हटलं, "थांब, पुड्या वाफवते, खाऊन जा." त्याने तिच्याकडे न बघताच मान हलवली. "नको, आत्या." गाडी वळली, गेली.

फडक्याखालची पानं मरगळली होती. तिने चौथी पुडी बांधली, पाचवी, सहावी. मग उभ्यानेच दोन पेले पाणी प्यायली. मानासेला फोन करायला हात गेला, मागे आला.

शुक्रवारी सकाळी नऊला गावातल्या दवाखान्यात रक्त द्यायला जायचं होतं. चालत.