नाकावरचं कुंकू

मी चौथी शिकलेली बाई. मी सांगून राहिली अन् नात मोबाइलवर लिहून राहिली... चुकलं तं सांभाळून घ्या. भूतखेत, अंगात येणं — असल्या गोष्टीवर माझा कधीच भरोसा नव्हता. नवरा लवकर गेला, तीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. त्यात असलं डोक्यात आणाले टाइम कुठं होता.

रायपुरात ब्राह्मणपाऱ्यात आमच्या बापाचं घर. दोघांले शिकवणं बाबाले झेपत नव्हतं, म्हणून मले शाळेतून काढलं. दादा शिकला, नेव्हीत ऑफिसर झाला. मले वाईट नाही वाटलं.

भाऊबीजेले मी ओवाळलं का दादा माझ्याच ताटातलं कुंकू बोटावर घेई अन् माझ्या नाकाच्या शेंड्यावर लावे. "आता दिसते माकडीण," म्हणे. माझं लग्न झालं तरी लावे.

मंग त्याले सुट्टी भेटेना. भाऊ दूर असला का आपल्यात चंद्राले ओवाळतात. दादानं चिठ्ठीत लिहिलं — "तू छतावरून ओवाळ, मी जहाजावरून पाहतो. चंद्र तं एकच हाय."

एकाहत्तरच्या लढाईत त्याचं जहाज बुडालं. तार आली, लापता म्हणून. आईनं श्राद्ध करू नाही दिलं. "मेलेला कोणी पाहिला काय? मंग?" आई गेली, तिचं म्हणणं मी धरून ठेवलं. दरसाल चंद्राले ओवाळलं.

मागच्या वर्षी पितृपक्षात पोरगा बोलला, "आई, मामाले असं अधांतरी काहून ठेवतं? आता तरी सोड त्याले."

मी हव म्हटलं. श्राद्ध झालं. अन् ज्याचं श्राद्ध केलं त्याले ओवाळत नाहीत. म्हणजे मले भाऊ नाही, हे मी माझ्याच तोंडानं कबूल केलं.

तरी भाऊबीजेले राहवलं नाही. एक बार सांगून तं येऊ, म्हणून सांजेले कोणाले न सांगता छतावर गेली. घाईत कुंकवाचा करंडा देवाजवळच राहिला. ताटात दिवा, अक्षता, सुपारी... बस. पश्चिमेले ढग, चंद्राची कोर दिसेना. "दादा, हे शेवटचं. रागावू नको," म्हटलं. ढगालेच ओवाळलं. जराशी डोळे मिटून उभी राहिली, मंग गुडघे धरत खाली आली.

ही नात टीव्हीपुढं बसली होती. मले पाहून हसली — "आजी, नाक पे कुंकू किसने लगाया? जोकर लग रही हो."

आरशात पाहिलं. शेंड्यावर गोल टिकली.

मी विधवा बाई, कपाळालेही लावत नाही. करंडा देवाजवळ, झाकण बंद. माझी बोटं साफ. नाकाले बोट लावलं तं ओलं... जिभेले टेकवलं तं खारट.

पोरगा म्हणते, घाम असंन. देवाचं कुंकू सकाळी कुठून लागलं असंन. दुपारी मी साबणानं तोंड धुतलं होतं, पण असंन बापा. मले आजही कळत नाही. रडली मी नव्हती, एवढं पक्कं माहीत हाय.

यंदा पोरानं श्राद्धाचं विचारलं. मी नाही म्हटलं. भाऊबीजेले छतावर जाईन. करंडा खालीच ठेवीन.