पोराशी बोलू नको

माझा थोरला अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. आमच्या क्वार्टरच्या डावीकडे तेलुगू, उजवीकडे पंजाबी, समोर बंगाली. सासूबाईंनी भंडाऱ्याहून वेखंड पाठवलं. जीभ सुटावी म्हणून ते रोज मधात उगाळून मी त्याला चाटवत होते. पोर तोंड वाकडं करी, शब्द काही निघत नव्हता.

ह्यांनी कारखान्यातल्या साहेबांना विचारलं. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर साहेबांकडे असतं, असा ह्यांचा समज. घरी येऊन मला सांगू लागले, "साहेब म्हणून राहिले, पोरगं ऐकते तेच शिकते. पाच भाषा कानावर पडल्या तं ते कोणती बोलन? घरात एकच ठेव."

माझा संशय कुणावर, ते आधीच ठरलेलं होतं. जवळच्या कुरुद गावाहून एक बाई भांड्यांना येई आणि दुपारभर पोराला सांभाळी. "बाबू तो अब्बड़ गोठियाथे," पोर खूप बोलतं, असं ती मला सांगे. माझ्यासमोर अवाक्षर नाही आणि हिच्याशी खूप? काम टिकवायला थापा मारते, दुसरं काय! मोडक्या हिंदीत मी तिला बजावलं, याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. तिने मुकाट्याने मान हलवली. इतकं मुकाट्याने ऐकते, याचाही मला संशय आला.

मग माझी शिकवणी सुरू झाली. चमचा नाचवत "म्हण चमचा", वाटी नाचवत "म्हण वाटी". म्हटलं नाही तर वाटी मिळायची नाही. तो नुसता बघत राही. मला रडू येई, आणि त्याचा रागही.

पंधरा दिवसांनी मागच्या अंगणातून बोलणं ऐकू आलं. सापडला चोर, असं मनाशी म्हणत मी चपला काढून दाराआड उभी राहिले.

बाई राखेने भांडी घासत होती, ओठ घट्ट मिटून. बोलत होतं ते माझं पोर. कावळ्याबद्दल, नळाबद्दल, राखेबद्दल, थांबायचं नाव नाही, आणि सगळं तिच्या छत्तीसगढीत. ती उत्तर देईना. शेवटी त्याने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"दाई, काबर नइ गोठियावस?" आई, का गं बोलत नाहीस?

तिचे डोळे भरले होते, पण तिने माझा हुकूम मोडला नाही. मला माझीच किळस आली.

"बोल वं बाई, बोल त्याच्याशी!" मी ओरडले.

त्याने वळून पाहिलं. मी दिसताच तो गप्प झाला.