तीन सेकंदांची घंटा

कारखान्याच्या देखभाल विभागात त्याने सव्वीस वर्षं काढली. तिथे त्याला सगळे ‘फ्यूज’ म्हणत, कारण तो कधीच उडाला नव्हता. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हाही नाही. त्याने रजा टाकली, पलंग भाड्याने आणला आणि वडिलांच्या डाव्या हाताशी घंटेचं बटण बसवलं.

वडील बटण दाबत आणि दाबूनच ठेवत. माणूस समोर येऊन उभा राहिला तरी अंगठा निघत नसे.

“अहो, घंटा तरी थांबवा, नाहीतर अण्णांना वन्संकडे तरी पोचवा,” आठवड्याने बायको म्हणाली. “डोकं फुटायची वेळ आलीय माझी.”

वन्सं, म्हणजे त्याची बहीण, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. फोनवर त्या “आणा की” म्हणाल्या होत्या, पण अशा आवाजात, की कोणी आणू नये.

म्हणून फ्यूजने टायमर करायला घेतला. आठ पायांची चिप, दोनशे सत्तर किलोओहमचा रेझिस्टर, दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बटण दाबलं की घंटा तीन सेकंद वाजणार आणि आपली आपण बंद. टेबलावर झकास चाललं. वडिलांच्या हाती दिलं, तर घंटा थांबेचना.

कारखान्यातला जोडीदार फोनवर हसला. “टिचकी मारून तपासलंस ना, शहाण्या? बटण धरूनच ठेवलं तर चिप बिचारी थांबेल कशी? बटण आणि चिपच्या मध्ये एक बारका कपॅसिटर घाल. मग कितीही दाबू दे, तिला पहिला दणका तेवढा कळेल.”

फ्यूजने घातला. दोन आठवडे घर शांत होतं. वन्संचा विषय निघाला नाही.

मग एका सकाळी तो गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बदलत होता आणि खाली बायकोने मिक्सर लावला होता. मिक्सर थांबला तेव्हा घंटाही थांबलेली होती. ती इस्त्रीला बसली.

पाऊण तासाने तो खाली आला. वडील अर्धे पलंगाबाहेर लोंबकळत होते, चादर ओली, नजर छताला. अंगठा बटणावर, नख पांढरं पडलेलं. सर्किट अगदी बरोबर चाललं होतं.

दोघांनी त्यांना उचललं, पुसलं, चादर बदलली. अंगठा सोडवायला वेळ लागला.

दुपारी त्याने सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि रेझिस्टरांचा डबा उघडला.

“काय करताय?”

“वेळ वाढवतोय. किती ठेवू? दहा सेकंद? तीस?”

“मला काय विचारता?”

“ऐकायचं तुला आहे.”

ती बोर्डावर वाकली. “मागाहून घातलात तो बारका कुठला?”

त्याने टोकाने दाखवला.

“तो काढा.”

“मग अण्णा सोडेपर्यंत वाजत राहील.”

“वाजू दे.”

त्याने काढला, तारा सरळ जोडल्या. चारच्या सुमाराला घंटा वाजू लागली. त्याने सवयीने सेकंद मोजले. एकविसाव्याला बायको आतल्या खोलीतून म्हणाली, “आले, अण्णा, आले,” आणि सावकाश उठली.