भूत येणार त्या दिवशी

गोडदेवच्या मासळीबाजारात एक कोळीण माझे बोंबील साफ करायची, आणि तेवढ्या वेळात मी ई-रीडर काढून वाचायचे. तिच्या गळ्यात क्रूस, केसांत कधी अबोलीचा गजरा, कधी नाही. चौक गावची होती एवढंच ठाऊक. नाव मी कधी विचारलं नाही.

मी गंभीर कादंबऱ्या लिहिणारी बाई. पण या यंत्राला मुखपृष्ठ नसतं, म्हणून त्यात मी बिनधास्त भुतांच्या प्रेमकथा भरल्या होत्या. एकदा ते हातातून निसटलं आणि थेट तिच्या पाटीत पडलं. तिने पदराला पुसून परत दिलं.

"कागदाचं असतं तर बोंबलासारखं सुकवायला लागलं असतं, बाय! काय हाय यात?"

पहिल्यांदाच मी कुणाला तरी खरं सांगितलं. "एका मुलीचा भुतावर जीव जडलाय. ते फक्त अंधारात येतं आणि उजाडायच्या आत नाहीसं होतं."

मला वाटलं, हसेल. पण तिची सुरी थांबली.

"मग त्यात नवल काय? माझा घरवाला बोटीवर हाय. दहा दहा दिस दिसत न्हाय. कवातरी अंधारात येतो, खातो, झोपतो, की परत गायब. भूतच तो! पन येनार असला ना, की मी सकालीच गजरा घेते."

आणि स्वतःच इतकी हसली की शेजारणीही हसायला लागल्या.

सध्या मी एका भुताची प्रेमकथा लिहितेय, अगदी उघडपणे. बाजारात गेले की मासळीआधी तिचे केस बघते. गजरा दिसला की दिवसभर मीच खूश.