पोरांची भिशी

मुलीला पैसे साठवायला शिकवावं, ही माझ्याच डोक्यातली कल्पना. तिच्या बापाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. आधी मी मातीचा गल्ला आणून दिला. थोड्याच दिवसांत तिने केसांच्या पिनेने त्यातले पैसे उकरून काढले आणि वर मलाच म्हणाली, "माझेच तर आहेत." मग मी म्हटलं, अगं बाई, पैसे दुसऱ्याच्या हातात अडकले ना, की खर्च होत नाहीत. आम्ही बायका भिशी लावतो ती बघतेस ना, तशी. एवढं बोलले आणि फसले.

पुढच्याच रविवारी जिन्यावर आठ पोरं गोळा. आमच्या खोल्यांच्या दोन रांगा आहेत, खाली एक आणि वर एक. सगळे भाडेकरू. घरातले पुरुष कुणी भोसरीला जातात, कुणी चाकणला, कंपनीच्या बसने. पोरांनी ठरवलं, प्रत्येकाने दर रविवारी दहा रुपये टाकायचे आणि चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याला त्या दिवसाचे ऐंशी रुपये. एकदा नाव निघालं की पुन्हा नाही, पण दहा रुपये मात्र शेवटपर्यंत भरायचे. आमची बाई चौथीत आहे. बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसली होती, सोसायटीची चेअरमन असल्यासारखी. मीही चौथीपर्यंतच शिकले, पण एवढा रुबाब मला कधी जमला नाही. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिली चिठ्ठी निघाली कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलाची. त्याने प्लास्टिकची बॅट घेतली. दुसऱ्या रविवारी दहा रुपये भरलेसुद्धा. तिसरा रविवार यायच्या आत त्याच्या बापाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, चाकणच्या पलीकडे दुसरं काम लागलं, आणि टेम्पोत गाद्या, भांडी, बॅट, पोरगा सगळं निघून गेलं.

"आई, आता त्याचे दहा रुपये कोण भरणार?"

"भिशी जो चालवतो तो."

"मग तू चालव ना."

"मी काढली का? तू काढलीस."

ती रडायला लागली. तेवढ्यात हे पहिली शिफ्ट संपवून आले. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "किती होतात सगळे मिळून? साठ? घे गं पिल्लू," म्हणत हात खिशात.

"तो हात आधी बाहेर काढा," मी म्हटलं.

"साठ रुपयांसाठी पोरीला रडवतेस? तेवढ्याचा तर मी गेटवर चहा पितो."

"तेच तर! तुम्ही चहा पिता, ही पिन घालून गल्ला उकरते. दोघं एकाच माळेचे मणी."

मी काही ऐकलं नाही. तिने खाऊच्या पैशांतून ती भर घातली, तोंड फुगवून का होईना, पण शेवटच्या रविवारपर्यंत घातली. मला वाटलं, चला, आता अक्कल आली.

अक्कल आली, पण भलतीच. नवी भिशी सुरू करायच्या वेळी मी खाली नळावर होते. ही घरोघरी जाऊन पोरांना विचारत सुटली, "तुझे पप्पा परमनंट आहेत की कॉन्ट्रॅक्टवर?" चिठ्ठी बंद. परमनंटवाल्यांच्या पोरांना आधी पैसे, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नंतर, आणि नवीन राहायला आलेल्यांना त्याहून नंतर. मला याचा पत्ताच नाही. कळलं ते शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा.

"काय गं, तुझी पोरगी बँकेत लागली का?"

"काय झालं, काकू?"

"माझ्या नातवाला विचारते, बाप परमनंट आहे का. उद्या पगाराची स्लिप मागेल. तिला म्हणावं, आजीच्या दोन बांगड्या आहेत, त्यातली एक खोटी. तेही लिहून घे."

त्यांच्या मागे आणखी दोघी उभ्या होत्या. एक म्हणाली, "आमची पोरं नाही येणार आता तिच्यासोबत." "सांगते तिला," एवढंच म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

"असं विचारतात का कुणाला?" मी तिच्यावर ओरडले.

"मग कळणार कसं, कोण पळून जाणार ते?"

"पळून नाही गेले ते. काम संपलं त्यांचं."

"तेच म्हणतेय मी. आपले पप्पापण कॉन्ट्रॅक्टवरच आहेत ना? म्हणून मी माझा नंबर सगळ्यात शेवटी ठेवलाय." आणि मग, "तुमच्या भिशीत पण नवीन बाईला शेवटीच देता. मी ऐकलंय."

देतो. कुणी कुणाला विचारत नाही, पण देतो. मी भांडी घासायला घेतली.

त्यानंतर खाली पोरांचा खेळ रंगायचा आणि हिला कुणी हाक मारायचं नाही. ही जिन्यावर डबा घेऊन बसलेली. जेवायला बोलावलं तरी उठायची नाही. हे म्हणाले, "मी जाऊन बोलतो." म्हटलं, तुम्ही नकोच, तुम्ही पैसे वाटून याल. शेवटी मीच गेले. काकूंचं दार चार पावलांवर, पण जाताना दोनदा मागे फिरले.

काकू मेथी निवडत होत्या. मी एका दमात बोलून टाकलं, "काकू, तिने स्वतःचा नंबरसुद्धा शेवटीच लावलाय. आमचे हेही कॉन्ट्रॅक्टवर आहेत म्हणून."

काकूंचा हात थांबला. मग इतक्या हसल्या की खोकला लागला. "म्हणजे बापालाही सोडलं नाही!"

"मी तिला पैसे साठवायला शिकवत होते हो."

"शिकवलंस की, चांगली वसुलीवाली केलीस. साठ रुपये एकट्या पोरीच्या डोक्यावर टाकलेस, मग ती दुसरं काय करणार?" मलाच बोलणी. "चिठ्ठीच काढायची म्हणावं. आणि कुणी गेलं तर त्याचे पैसे सगळ्यांनी मिळून भरायचे. मग पाठवते नातवाला, त्या दोघींनाही सांगते."

घरी येऊन सांगितलं तर ही वाद घालायला तयार. "पण मी का भरू दुसऱ्याचे?"

"इतके दिवस एकटीच भरत होतीस ना? आता थोडेच भरायचे."

ते पटलं.

रविवारी पोरं आली. चिठ्ठी निघाली ती नेमकी कोपऱ्यातल्या त्याच खोलीत नुकत्याच आलेल्या मुलीची. त्यांची पोती अजून दोरीने बांधलेली होती. पोरं आमच्या बाईकडे बघायला लागली. काकू दारातून बघतायत, मी वरून बघतेय. हिने डब्याचं झाकण घट्ट धरलं आणि विचारलंच, "तुम्ही गावाला कधी जाणार?"

मी डोळे वटारले. तिने पाहिलंच नाही.

"दिवाळीला," ती मुलगी म्हणाली.

हिने बोटांवर रविवार मोजले. ओठ हलत होते. मग झाकण उघडून सगळ्या नोटा आणि नाणी त्या मुलीच्या ओंजळीत ओतली. "दर रविवारी दहा रुपये. विसरायचं नाही."

"नाही विसरणार. खेळायला येतेस?"

ही धावत वर आली, डबा माझ्या हातात कोंबला, म्हणाली, "उघडू नकोस हं," आणि गेली. डबा रिकामा होता.